सुभेदार रामजींची शिदोरी

मुलाला गिरणीत लावणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. आमच्या कित्येक माजी विद्यार्थ्यांचे आजोबा गिरण्यांत आणि यंत्रमागांवर राबले. आजही अनेक माता विड्या वळून मुलांना शिकवितात. म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

साताऱ्यास असताना भीमराव मातृछत्रास पारखे झाले. पुढे वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईच्या गिरणीत काम धरायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रवासखर्चासाठी आत्या मीराबाईंच्या कमरेचा बटवा पळविण्याचे त्यांनी ठरविले. काही रात्री प्रयत्न फसला. अखेर बटवा हाती आला, तेव्हा त्यात निघाला अवघा अर्धा आणा! तो लाजिरवाणा विचार त्यांनी तेथेच टाकला आणि कसून अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निश्चय केला. ही आठवण पुढे त्यांनी स्वतःच सांगितली.

ज्यांचा आधार नको म्हणून ही धडपड, त्या सुभेदार रामजींनी मुलासाठी काय केले? परळच्या चाळीत एक खोली, मिळकत निवृत्तिवेतनाची. मुलाला पुस्तक हवे असे आणि हाती पैसा नसे, तेव्हा ते विवाहित मुलीकडे जात. तिच्याकडेही रोकड नसली, तर दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन मिळताच सोडवून परत करीत. खोलीत दोघांना झोपण्यापुरती जागा नव्हती. मुलगा लवकर झोपे, वडील जागत; रात्री दोनला त्याला अभ्यासास उठवून मग ते आडवे होत. ऋण काढावे ते विद्येसाठी आणि घेतलेले चोख फेडावे, हा धडा भीमरावांनी रोज डोळ्यांनी पाहिला.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले. त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी घरी पैसे धाडले, ग्रंथ जमविले. अर्धा आणा पाहून थबकलेल्या त्या मुलाने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर जगन्मान्य ग्रंथ लिहिला.

विद्येचे ऋणही त्यांनी फेडले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी वसतिगृह उघडले, ते आपल्या सोलापुरात. रामजींनी एका मुलासाठी दागिना गहाण टाकला होता. त्या मुलाने परक्यांच्या मुलांसाठी निवाऱ्याची आणि जेवणाची सोय केली.

आपण भोगले ते मुलांनी भोगू नये, असे प्रत्येक पालकास वाटते. ते योग्यच आहे. परंतु आपले कष्ट त्यांच्यापासून लपविले, तर ती फेडणार काय, हे त्यांना कसे उमगावे? पालकहो, आपली वही कोणत्या घामातून आली, हे मुलास कळू द्या. माजी विद्यार्थ्यांनो, या वसतिगृहाच्या पंगतीत आपण जेवलो. आता पुढच्या पंगतीची काळजी आपलीच आहे.

जय भीम!