अर्ध्या दिवसाचे पूर्ण काम

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव सुचविले. त्यांच्यावर आता नवे ते काय लिहिणार, अशी शंका दोघी-तिघींनी काढली. शंका रास्त आहे. हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी बाई आपण सर्वजणींनी शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. परंतु ते चित्र त्यांच्या आयुष्यातील जेमतेम पावणेदोन वर्षांचे आहे, आणि बाई जगल्या ९० वर्षे. त्यानंतर मोडलेल्या शरीराने त्यांनी काय केले आणि कसे केले, हे फारसे कोणी सांगत नाही. मला सांगावयाचे आहे ते तेच.

या विषयाकडे मी वळले त्याला माझे स्वतःचेही एक कारण आहे. आपल्या मंडळाचा शिवणवर्ग मी १६ वर्षे सकाळ-संध्याकाळ चालविला. तीन वर्षांपूर्वी संधिवाताने बोटे आणि गुडघे धरले. काम निम्म्यावर आणा, असे डॉक्टरांनी बजावले, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी, तेही केवळ बेतणे शिकविण्यापुरती मी येते. आरंभी काही महिने, आपण उगाच जागा अडवून बसलो आहोत, असे मला वाटत असे. त्या दिवसांत नाइटिंगेलबाईंचे चरित्र हाती आले, आणि आजवर वाचले होते त्याहून निराळेच वाचून मी उठले.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, आणि त्या शहराचेच नाव मुलीला ठेवण्यात आले. घर इंग्लंडमधले, मोठे श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. थोरली पार्थेनोपी घरात रमली. धाकटीला मात्र रोग्यांची सेवा करण्याची ओढ लागली. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातली नर्स म्हणजे अडाणी आणि बहुधा दारूबाज, अशी समजूत होती. आई आणि बहीण यांनी आकांत केला. कित्येक वर्षे ही ओढाताण चालली. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैझरवर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले, आणि १८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाच्या त्या व्यवस्थापिका झाल्या. त्याच सुमारास वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक बांधून दिली. ही रक्कम ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

क्रिमियाच्या युद्धाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. युद्धमंत्रालयातील सिडने हर्बर्ट हे त्यांचे स्नेही. त्यांच्या सांगण्यावरून ३८ परिचारिकांना घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानात स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथे अन्न, कपडा, साबण, सर्वांचीच वानवा. १८५५ च्या फेब्रुवारीत इस्पितळात आलेल्या शंभर रोग्यांपैकी ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या आरोग्य समितीने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. गटाराने माणसे किती मेली, याचा पुरता उलगडा बाईंना झाला तो मायदेशी परतून आकडे मांडल्यावर. त्या हिशेबाने त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरविली.

मे १८५५ मध्ये आघाडीजवळची इस्पितळे पाहण्यासाठी त्या बालाक्लावा येथे गेल्या, आणि तेथेच तापाने पडल्या. काही दिवस आशा उरली नव्हती. डोक्यावरचे केस कापून टाकावे लागले. ताप उतरला, तरी मायदेशी परत जाण्याचे त्यांनी नाकारले आणि युद्ध संपेपर्यंत काम केले. ऑगस्ट १८५६ मध्ये गाजावाजा न करता त्या घरी पोहोचल्या.

एवढ्यावर बहुतेक चरित्रे संपतात, आणि माझी गोष्ट येथून सुरू होते. सैन्याच्या आरोग्याची चौकशी व्हावी म्हणून त्यांनी राणी व्हिक्टोरियापर्यंत जाऊन खटपट केली. १८५७ साली हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. स्त्री असल्याने बाईंना आयोगावर जागा मिळणे शक्यच नव्हते. परंतु कागद तयार करणे, साक्षीदारांना काय विचारावे ते ठरविणे, आकडे जुळविणे, हे सारे त्यांच्याकडे होते. दिवस-रात्र त्यांनी ते केले, आणि ऑगस्टमध्ये शरीराने साफ जबाब दिला. छातीत धडधड, धाप, अन्नाचा तिटकारा, झोप नाही, अधूनमधून ताप. वय अवघे ३७. आपण आता जगत नाही, असे त्यांनीच धरले होते. १८६१ च्या अखेरीस पाठीच्या कण्यात अशी कळ उठली की पुढे सुमारे सहा वर्षे त्यांना चालता येईना. एका खोलीतून दुसरीत उचलून न्यावे लागे.

हा आजार कोणता, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. बाई सोंग करतात, असेही म्हणणारे निघाले. १९९५ साली डेव्हिड यंग या संशोधकाने सर्व लक्षणे मांडून, हा ब्रुसेलोसिस नावाचा जुनाट ताप असावा, असे मत प्रसिद्ध केले, आणि ते पुष्कळांना पटण्यासारखे वाटते. हा रोग बहुधा न तापविलेल्या दुधातून येतो आणि सांधे व कणा धरतो. त्याचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर शोधले ते १८८७ साली, आणि बकरीच्या कच्च्या दुधातून तो पसरतो हे कळले १९०५ साली. म्हणजे बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्या दुखण्याला नावही नव्हते. ज्या आजाराला नाव नाही, तो लोकांना खरा वाटत नाही. आपल्यापैकी अनेकींना हा अनुभव असेल.

आता त्यांनी केले काय, ते पाहा. पूर्वीसारखे काम होणार नाही, हे त्यांनी मान्य केले, आणि जी थोडी शक्ती उरली होती तिचा संसारी बाईने करावा तसा चोख हिशेब मांडला. पहिला खर्च छाटला तो भेटीगाठींचा. आई आणि बहीण यांनासुद्धा आपल्याकडे येऊन राहण्यास त्यांनी मनाई केली. ज्याचे काम असेल त्याने आधी वेळ ठरवून यावे, आणि एका वेळी एकानेच यावे. समारंभ, मेजवान्या, सत्कार सर्व बंद. दुसरे, जे बोलून होते ते लिहून करावयाचे. डॉ. सदरलंड हे त्यांचे मुख्य सहायक. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून दोघांचा कारभार चिठ्ठ्यांवर चाले. तिसरे, जेथे स्वतः उभे राहावे लागते ते काम दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे.

या तिसऱ्या गोष्टीचे उत्तम उदाहरण म्हणजे नर्सिंगची शाळा. क्रिमियातील कामाबद्दल कृतज्ञता म्हणून लोकांनी सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला होता. शाळा बाईंनी स्वतः चालवावी, अशी सर्वांची अपेक्षा. आपल्याने ते होणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात १५ विद्यार्थिनींनिशी शाळा उघडली, ती तेथील मेट्रन वॉर्ड्रोपर बाईंच्या देखरेखीखाली. नाव नाइटिंगेल यांचे, पण रोजचे काम दुसऱ्या बाईचे. या शाळेतून शिकलेल्या परिचारिका पुढे दूरदूरच्या देशांतील इस्पितळांत गेल्या. बाईंनी सगळे आपल्याच हाती ठेवण्याचा हट्ट धरला असता, तर शाळा त्यांच्या प्रकृतीबरोबर बसली असती.

अंथरुणावर राहून त्यांनी स्वतः जे केले, तेही थोडे नाही. घरोघरच्या स्त्रियांसाठी रुग्णसेवेवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८५९ साली बाहेर पडले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री सभासद. आणि आपल्या देशाशी त्यांचा संबंध आला तोही या खोलीतूनच. १८५९ साली हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी सुरू झाली. बाईंनी येथल्या छावण्यांकडे छापील प्रश्न पाठविण्याची व्यवस्था केली: पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, एका बराकीत माणसे किती. उत्तरांचे ढीग पलंगापाशी आले. त्यांतून निघालेला अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. येथील गोऱ्या फौजेत हजारी ६९ माणसे दर वर्षी मरत होती, आणि बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे होते. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल म्हणून निघालेले जॉन लॉरेन्स आधी त्यांना भेटून मग इकडे आले. आरंभी त्यांचे लक्ष गोऱ्या शिपायांपुरतेच होते, हे खरे. पण हळूहळू ते येथील खेड्यांतले पाणी, दुष्काळ, शेतकऱ्यांचे कर्ज यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे. या देशात त्यांनी कधीही पाऊल ठेवले नाही.

येथे थांबले तर लेख गोड होईल, पण पुरा होणार नाही. या कामाची किंमत इतरांनीही मोजली. मेआत्या आपला नवरा आणि मुले सोडून त्यांच्याजवळ तीन वर्षे येऊन राहिली, आणि १८६० साली ती स्वतःच्या घरी परत गेली तेव्हा बाईंनी दीर्घकाळ तिच्यावर राग धरला. हर्बर्ट हे मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत होते. त्यांनी काम सोडू नये म्हणून बाईंनी त्यांना कठोर शब्दांत टोचले. २ ऑगस्ट १८६१ रोजी हर्बर्ट वारले. त्याच नोव्हेंबरात आर्थर क्लफ, मेआत्याचे कविवृत्तीचे जावई, जे बाईंची टाचणे आणि टपाल सांभाळीत, तेही गेले. स्वतःच्या आजाराला मर्यादा आखून घेणाऱ्या बाईंना दुसऱ्याच्या आजाराची मर्यादा दिसली नाही. मला हे वाचून फार वाईट वाटले, आणि त्यांच्या थोरवीइतकेच हेही आपण शिकण्यासारखे आहे असे वाटले.

दुसरी गोष्ट पैशाची. वडिलांची नेमणूक होती, घर होते, नोकरचाकर होते, म्हणून त्यांना काम कमी करणे परवडले. आपल्या मंडळातली जी भगिनी डबे करून किंवा पापड लाटून घर चालविते, तिचे दुखणे वाढले आणि तिने निम्मे काम सोडले, की निम्मी चूलच थंडावते. तिला धीराच्या चार गोष्टी सांगून भागत नाही.

१८८० नंतर बाईंची प्रकृती पुष्कळ सुधारली, स्वभावही निवळला. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना एकेकटीला बोलावून त्या आपुलकीने विचारपूस करीत. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली. १९०७ साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांनी देह ठेवला. मरण जवळ आले असे ज्यांनी ३७ व्या वर्षी धरले होते, त्या त्यानंतर ५३ वर्षे जगल्या.

भगिनींनो, आता आपल्यापुरते दोन शब्द. आपल्या मंडळात आज कोणाला मधुमेह आहे, कोणाची पाठ धरली आहे, कोणी शस्त्रक्रियेतून नुकती उठली आहे. अशी भगिनी कामातून कमी झाली, की आपण तिला विश्रांती घे म्हणतो आणि हळूच पुढच्या बैठकीचे आमंत्रण देणे विसरतो. त्यात वाईट हेतू नसतो, पण एक जाणती बाई मंडळाला मुकते. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की, येत्या वर्षापासून प्रत्येक कामाची दोन भागांत वाटणी करून पाहावी: उभ्याने करण्याचे आणि बसून करण्याचे. हिशेब, पत्रे, नव्या मुलींना शिकविणे, टेलिफोनवरून विचारपूस करणे, ही सारी बसून करण्याची कामे आहेत आणि ती नेहमी मागे पडतात. तसेच, दुखण्यामुळे जिची मिळकत घटली असेल तिच्यासाठी मंडळाच्या शिलकीतून लहानशी नेमणूक बांधता येईल काय, याचाही विचार व्हावा. आणि जी भगिनी तिचे उभ्याचे काम उचलील, तिचे नाव अहवालात तिच्या शेजारी यावे. शिवणवर्गात माझ्या जागी ज्या मशीनवर बसतात, त्यांचे नाव यंदाच्या अहवालात घालावे, असे मी चिटणीसबाईंना लेखी कळविले आहे.