पेटीला बोलके करणारे गोविंदराव टेंबे

आपल्या सीमाभागात पेटी नाही असे भजनी मंडळ सापडणे कठीण. शाळेच्या प्रार्थनेला पेटी, कीर्तनाला पेटी, नाटकालाही पेटी. पण या वाद्याचा एक स्वभाव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पेटीची पट्टी हळू दाबा की जोराने दाबा, सूर तेवढाच निघतो. पट्टी म्हणजे हवेचे दार. ते उघडले की भात्यातली हवा पितळेच्या जिभेवरून जाते आणि जीभ थरथरते. दार उघडणारा हात रागाने आला की मायेने, हे त्या जिभेला कळत नाही. अशा वाद्यातून ज्यांनी गाणे काढले, त्या कै. गोविंदराव टेंबे यांच्याविषयी मी येथे लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, संगीतातला अधिकारी नव्हे. परंतु हातात आलेल्या तुटपुंज्या भांडवलावर माणूस काय उभे करू शकतो, हे त्यांच्या चरित्रात मला दिसले.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा. ते वाढले कोल्हापुरात. त्या काळी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांसारखे थोर गवई तेथे नांदत होते. देवल क्लबात गाण्याच्या बैठकी होत. गोविंदराव पेटी शिकले ते बहुतांशी स्वतःच्या कानांनी. पुढे भास्करबुवा बखल्यांचा सहवास लाभला आणि बुवांना साथ करता करता गायकी त्यांच्या बोटांत उतरली.

पण बोटांत उतरलेली गायकी पट्टीतून बाहेर यावी कशी? ही अडचण फार जुनी आहे, आणि एकट्या पेटीची नाही. युरोपातल्या हार्पसिकॉर्ड नावाच्या वाद्यातही पट्टी दाबली की तार छेडली जाई, आणि जोर कमीजास्त केल्याने आवाजात म्हणण्यासारखा फरक पडत नसे. इटलीतील फ्लोरेन्स येथे बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहानशी हातोडी मारण्याची योजना केली. बोट वेगाने आले तर हातोडीही वेगाने जाई. त्यातूनच पियानो जन्मला.

आजच्या विजेच्या वाद्यांतही हाच पेच येतो. माझे मामा सुरतेला कापड बाजारात नोकरी करतात आणि तेथील मराठी वस्तीच्या गणेशोत्सवात एक जुना सिंथेसायझर वाजवतात. त्याच्या पट्ट्या पेटीच्या पट्ट्यांइतक्याच मुक्या. चिपमधला प्रोग्रॅम बदलून त्यांना स्पर्शाची जाण आणावी, असे मामांच्या मनात होते. मी सुटीत तेथे असताना दुरुस्ती करणाऱ्याने वाद्य उघडून आम्हांला सगळे समजावले. जोर ओळखणाऱ्या पट्टीखाली दोन संपर्क असतात. एक आधी जुळतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ जितका कमी, तितके बोट वेगाने आले असे समजून प्रोग्रॅम आवाज मोठा करतो. मामांच्या वाद्यात मात्र पट्टीखाली एकच संपर्क होता. तेव्हा नवा प्रोग्रॅम घातला तरी बाहेरून तारेने जोडलेल्या दुसऱ्या, जाणत्या पट्ट्यांचा जोरच त्याला वाचता येणार होता. मामांनी तसेच केले. वाद्यात जाण आणायची तर ती शिरेल अशी जागा आधी शोधावी लागते, हे मला तेथे पटले.

पेटीत ही जागा भात्यापाशी आहे. उजवा हात सूर निवडतो. त्या सुराला श्वास देतो तो डावा हात. भात्यावरचा दाब वाढला की सूर फुलतो, सैल झाला की मावळतो. मात्र वारा सर्व सुरांना सामाईक असल्यामुळे हा दाब एकाच क्षणी एका सुराला जास्त व दुसऱ्याला कमी देता येत नाही. शिवाय पेटीवर खरी मींडही निघत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्या वाद्यात नाहीच. मग वादक काय करतो? एक पट्टी सुटण्याआधी दुसरी दाबतो, जाता जाता शेजारच्या सुराचा कण लावतो आणि नेमक्या क्षणी भाता सावरतो. ऐकणाऱ्याच्या मनात उरलेली मींड पुरी होते. या कलेत गोविंदरावांनी असे नाव मिळवले की केवळ साथीला बसणारी पेटी त्यांच्या हाती मैफलीचे स्वतंत्र वाद्य झाली.

तोच कान रंगभूमीच्या कामी आला. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगमंचावर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. ठुमरी, कजरी अशा उत्तरेकडच्या ढंगांना त्यांनी मराठी पदांत घर दिले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव अशा तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. ही भागीदारी फार काळ टिकली नाही. बाहेर पडून गोविंदरावांनी शिवराज ही स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही पुस्तकेही त्यांनी लिहिली.

आणि मग १९४० साल उजाडले. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, तिचे सूर ठराविक घरांत बांधलेले, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने मार्चपासून पेटीला दार बंद केले. गोविंदराव तेव्हा ५८ वर्षांचे होते. आक्षेप खोटे नव्हते. ज्या उणिवा भरून काढण्यात त्यांचे आयुष्य गेले, त्याच उणिवा हा ठपका झाल्या होत्या. ही बंदी सैल होऊ लागली ती १९७१ च्या सुमारास. गोविंदराव १९५५ सालीच निवर्तले होते.

तरी पेटी हरली नाही. बंदीच्या काळातही ती घराघरांत, देवळांत, मैफलींत वाजतच राहिली. आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी घडवले.

मित्रहो, यंत्रे सुधारतील, चिपा बदलतील, पट्ट्या अधिक जाणत्या होतील. त्यांचे स्वागतच करू या. पण परिपूर्ण वाद्य हाती येण्याची वाट गोविंदरावांनी पाहिली नाही. होती त्या मुक्या पट्ट्यांपाशी ते बसले, आणि डाव्या हाताने त्यांना श्वास दिला.