गोकाकचा गेंडा आणि फूटसाहेब

गोकाकचा धबधबा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. पण त्याच घटप्रभेच्या खोऱ्यात, गोकाकच्या जवळपास, एके काळी गेंडे चरत होते हे किती जणांना ठाऊक असेल? गेल्या वर्षापर्यंत मलाही नव्हते. ही गोष्ट उजेडात आणली रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने.

फूटसाहेबांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ च्या डिसेंबरात ते भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले व मद्रास इलाख्यात हिंडू लागले. १८५९ साली फ्रान्समधील सोम नदीच्या गोट्यांच्या थरांत नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडतात, हे विद्वानांनी मान्य केले. मग भारतात का नसावीत? हा प्रश्न मनात ठेवून फिरणाऱ्या फूटसाहेबांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार मिळाले. त्याच वर्षी त्यांनी व विल्यम किंग यांनी अत्तिरंपक्कम हे स्थळ शोधले. तेथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले.

पुढे ते आपल्या भागात आले. मलप्रभा व घटप्रभेच्या काठचे थर त्यांनी तपासले. गोकाकजवळ गाळात मिळालेल्या गेंड्याच्या अवशेषांचे वर्णन त्यांनी १८७४ साली प्रसिद्ध केले आणि १८७६ साली दक्षिण महाराष्ट्र प्रदेशाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ निघाला.

नदीकाठच्या थरावर तारीख लिहिलेली नसते. नुसती खोली मोजून दोन नद्यांचे थर जुळत नाहीत, कारण एकीने गाळ जास्त आणलेला असतो, दुसरीने कमी. म्हणून खाली काय, वर काय, हत्यारांची घडण कशी, हाड कोणत्या प्राण्याचे, हा क्रम पाहावा लागतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हे परके वाटू नये. दोन दुकानांच्या वह्या पडताळताना पान क्रमांक जुळत नाहीत, नोंदी जुळवाव्या लागतात.

१८९१ साली निवृत्त झाल्यावर ते बडोदे संस्थानच्या कामावर गेले. तेथे साबरमतीच्या काठी त्यांना वेगळेच चित्र दिसले. तळाच्या गोट्यांच्या थरात जुन्या अश्मयुगाची हत्यारे, त्यावर सुमारे १५ मीटर नदीचा गाळ, आणि त्याच्याही वर वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचा, म्हणजे लोएसचा, सुमारे ६० मीटरचा थर. नवाश्मयुगाच्या खुणा होत्या त्या सर्वांच्या माथ्यावर. मधल्या मातीत माणसाची खूण त्यांना दिसली नाही. दुसरा कोणी ती माती सोडून पुढे गेला असता. फूटसाहेबांनी त्या मुक्या थरालाच काळाचे माप मानले. या दोन युगांमध्ये फार मोठा खंड पडला होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तो निष्कर्ष पुढे तसाच टिकला नाही. १९४१-४२ साली डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या गुजरात मोहिमेत लांघणज येथील वाळूच्या टेकाडावर सूक्ष्म दगडी हत्यारे मिळाली आणि मधली रिकामी जागा भरू लागली. परंतु सांकलियांना वाट सापडली ती फूटसाहेबांच्या नोंदींमुळेच. कोणता दगड कोणत्या गावी मिळाला हे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांचा संग्रह १९०४ साली मद्रासच्या संग्रहालयाला मिळाला. २९ डिसेंबर १९१२ रोजी त्यांचे निधन झाले; संग्रहाची सूची त्यानंतर छापली गेली.

अनुमान चुकले तर पुढचा माणूस ते दुरुस्त करतो. नोंदच खोटी किंवा अपुरी असेल तर त्याला दुरुस्त करायला काही उरत नाही. परीक्षेची प्रयोगवही घाईघाईने भरणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे. आणि पुढच्या सहलीत गोकाकला गेल्यावर धबधब्याबरोबर नदीचा काठही क्षणभर निरखून पाहावा.