वेल्स आणि भविष्याचा अभ्यास

भविष्य म्हटले की आपल्याकडे पत्रिका आणि ग्रहदशा आठवतात. पण भविष्याचा अभ्यास विज्ञानाच्या शिस्तीने करता येईल, असे ठामपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत एच. जी. वेल्स होते. ‘द टाइम मशीन’चे लेखक म्हणून ते ठाऊक असतात, हे काम मात्र मागे पडले.

वेल्स यांचा जन्म १८६६ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉमली येथे, बेताची कमाई असलेल्या दुकानदाराच्या घरी झाला. लहानपणी पाय मोडून अंथरुणावर पडावे लागले आणि वाचनाचा नाद लागला. पुढे कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. त्यातून सुटका केली शिष्यवृत्तीने. लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले आणि उत्क्रांतीचा विचार मनात कायमचा रुजला.

१९०१ मध्ये त्यांचे ‘अँटिसिपेशन्स’ हे पुस्तक आले. मोटारींमुळे शहरे दूरवर पसरतील, हा त्यातला अंदाज खरा ठरला. पाणबुडीवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता, आणि यशस्वी विमान फार तर १९५०पूर्वी उडेल, असे त्यांना वाटत होते. राइट बंधूंनी ते १९०३ मध्येच उडवले. ‘अकार्यक्षम’ मानवसमूहांना भविष्यात जागा नाही, हे त्याच पुस्तकातले मत तर आज वाचवत नाही. अंदाजाच्या आडून लेखकाचे पूर्वग्रह कसे शिरतात, याचा हा नमुनाच.

जानेवारी १९०२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी पद्धतीचा प्रश्न मांडला. खडक आणि जीवाश्मांवरून कोणी न पाहिलेला भूतकाळ उभा करता येतो, तर कार्यकारणभावाच्या आधारे भविष्याचा वेध का घेऊ नये? एका माणसाचे उद्या काय होईल हे सांगता येणार नाही, मोठ्या समूहाचा कल सांगता येईल. (साथरोगतज्ज्ञ आज हेच करतात.) १९३२ मध्ये बीबीसीवरून बोलताना, इतिहासाचे प्राध्यापक हजारो असताना दूरदृष्टीचा एकही नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. ‘फ्युचरॉलॉजी’ हा शब्द ओसिप फ्लेख्टहाइम यांनी घडवला तो १९४०च्या दशकात.

वेल्स यांच्या १९१४च्या एका कादंबरीत अणुबॉम्ब होता. लिओ झिलार्ड यांनी ती १९३२ मध्ये वाचली. पुढच्याच वर्षी त्यांना अणूच्या साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा वेल्स हयात होते. वर्षभराने, ऑगस्ट १९४६ मध्ये, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.