कमलाबाईंची एक वर्षाची अट

राहुरीला आमच्या हॉस्टेल मेसमध्ये मटकीची उसळ आली की मला कमला सोहोनी आठवतात. कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी पुढे खूप काम केलं. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाईंची धाकटी बहीण.

१९३३ मध्ये बी.एस्सी.ला पहिल्या येऊनही बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, मुलगी! त्यांनी सरळ सत्याग्रह केला. मग प्रवेश मिळाला तो अटीवर : पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी नाही, आणि लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. नोबेल मिळालेल्या माणसाने असं वागावं, हे मला अजून पटत नाही. वर्षभर काम बघून मात्र रामन यांचं मत बदललं, नंतर इतर मुलींनाही दार उघडलं.

केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडलं. १९३९ मध्ये पीएच.डी., प्रबंध फक्त चाळीस पानी! (आमचा सेमिनार रिपोर्टसुद्धा याहून जाड असतो.) तेच प्रथिन आपल्याही पेशींत असतं. त्याच्या जनुकावरून आरएनएची प्रत निघते, तिच्यातले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडले जातात, तेव्हा कुठे प्रथिन बनतं. ही कापाकापी शास्त्रज्ञांना कळली १९७७ मध्ये. तोवर कमलाबाई निवृत्तही झाल्या होत्या.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवरही संशोधन केलं. तिथलं संचालकपद मात्र उशिराच मिळालं. १९९८ मध्ये त्या गेल्या.