श्रीचक्रधरस्वामींचे देशांतर

वैनगंगेच्या काठचे भंडारा हे गाव आज पितळेच्या भांड्यांसाठी आणि भातशेतीसाठी ओळखले जाते. परंतु मराठी भाषेच्या इतिहासात या गावाची नोंद फार जुनी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेराव्या शतकात एक परदेशी तरुण संन्यस्त वृत्तीने या गावी आला, आणि इथला एक ब्राह्मण घरदार सोडून त्याच्या मागे चालू लागला. तो ब्राह्मण म्हणजे नीळभट्ट भांडारेकर, आणि तो तरुण म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी.

आपला वारकरी संप्रदाय आणि महानुभाव पंथ यांच्या वाटा निराळ्या आहेत. उपासना निराळी, आचारही निराळा. पण सज्जनाचे चरित्र ऐकताना तो कोणत्या दिंडीतला हे विचारू नये. शिवाय आपल्या माउलींनी इ. स. १२९० मध्ये ज्या मराठीत ज्ञानदेवी सांगितली, त्याच मराठीत ब्रह्मविद्या सांगण्याचे धाडस त्याआधी दोन दशके या गुजराती पुरुषाने केले होते. म्हणून त्यांच्या देशांतराची कथा आपण भक्तिभावाने ऐकावी.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव हरपाळदेव. गुजरातेत नर्मदेच्या मुखाशी भडोच नावाचे मोठे बंदर होते. तिथल्या प्रधानाचे, विशाळदेवांचे ते पुत्र. घरी कशाची वाण नव्हती. तारुण्यात त्यांना द्यूताचा नाद लागला. एकदा मोठा डाव हरला, देणे अंगावर आले, आणि पत्नीने दागिने देण्याचे नाकारले. तेवढ्या एका नकाराने त्यांचे डोळे उघडले. ज्याला आपण आपले घर म्हणतो ते कोणत्या धाग्याने बांधलेले असते, हे त्यांना त्या दिवशी दिसले. महानुभाव परंपरा याहून पुष्कळ गूढ गोष्टी सांगते. पण साध्या संसारी माणसाला एवढीही पुरे आहे.

त्यांनी रामटेकच्या यात्रेची आज्ञा मागितली. वडिलांचे मन होईना, आणि त्याला कारणही तसेच होते. रामटेक म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मुलूख. यादव आणि गुजरातचे राज्यकर्ते यांचे हाडवैर. सिंघण यादवाच्या सैन्याने लाट देशावर, म्हणजे भडोचच्याच प्रांतावर, स्वाऱ्या केलेल्या. अशा शत्रूच्या देशात एकुलत्या लाडक्याला कोण धाडील? पण मुलाचा निश्चय ढळेना, तेव्हा आज्ञा द्यावी लागली. बरोबर माणसे होती, त्यांना वाटेत मागे ठेवीत ठेवीत हरपाळदेव पुढे निघाले. आजच्या रस्त्याने मोजले तरी ही वाट सातशे-आठशे किलोमीटरची. तेव्हा मधे अरण्ये होती, नद्या होत्या, आणि दर चार मुक्कामांना बोली बदलत होती.

वऱ्हाडात ऋद्धिपूर लागले. तिथे गोविंदप्रभू नावाचे अवलिया महात्मे गावभर हिंडत. कधी लहान मुलासारखे खेळत, कधी कोणाच्याही घरी जाऊन जेवत. लोक त्यांना वेडे राऊळ समजत. त्यांनी आपल्या हातचा प्रसाद या परदेशी तरुणाला दिला आणि त्याचे चित्त पालटून गेले. हरपाळदेव संपले, चक्रधर झाले. ज्या यात्रेच्या नावाने घर सोडले ती यात्रा बाजूलाच राहिली.

यानंतरचा काळ महानुभावांच्या लीळाचरित्रात एकांक या भागात आला आहे. नावाप्रमाणेच हा एकटेपणाचा काळ. सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे तप, मग आंध्र देशात भ्रमण, ओरंगळपर्यंत मजल. आपण एक दिवस परगावी राहिलो तर उशी बदलली म्हणून झोप येत नाही. इथे प्रधानाचा मुलगा झाडाखाली निजत होता, देवळाच्या ओवरीत बसत होता, आणि पोटासाठी दारोदार भिक्षा मागत होता. भिक्षा ही मोठी शाळा आहे बरे! ज्याच्या दारी उभे राहायचे त्याची भाषा कळली पाहिजे, त्याच्या जेवणाची वेळ कळली पाहिजे, आणि तो जे वाढील ते गोड मानून घेतले पाहिजे. माझ्या देशी असे नव्हते, असे म्हणणाऱ्याच्या झोळीत काही पडत नाही.

एकांकातच सशाची ती प्रसिद्ध लीळा आहे. पारध्यांची कुत्री मागे लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारधी तो मागू लागले. शरण आलेल्याला स्वामींनी दिले नाही, उलट पारध्यांनाच त्यांनी हिंसेपासून परावृत्त केले. ज्याने स्वतः आसरा नसण्याचे दिवस काढले, त्यालाच आसऱ्याचे मोल कळते.

भ्रमण करीत स्वामी भंडाऱ्यास आले. हा सारा मुलूख झाडीचा. अजूनही याला झाडीपट्टीच म्हणतात. साग-मोहाची राने, तळी-बोड्या, धानाच्या बांध्या. इथली बोलीही वेगळी. इथे पाण्याचे पानी होते. भडोचच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला इथे ओळखीचे असे काय होते? काहीच नाही. आणि तरी नीळभट्टासारखा जाणता गृहस्थ त्यांना पाहून वेधला गेला आणि मागे निघाला. गंमत पाहा, देश सोडून आलेला तो परका. पण त्याच्यासाठी घर सोडले ते इथल्या माणसाने. भांडारेकर पुढे स्वामींच्या बरोबरच राहिले, आणि गावाचे नाव त्यांच्या नावाला जोडून पंथाच्या वाङ्मयात कायमचे राहिले.

पुढे स्वामी गोदावरीतीरी पैठणला आले. इ. स. १२६७ च्या सुमारास त्यांच्याभोवती शिष्यपरिवार जमू लागला. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा अशी कितीतरी नावे सांगता येतील. यांत विद्वान ब्राह्मण होते तशा अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याही होत्या. स्वामींनी स्त्रियांना धर्माचा अधिकार दिला, विटाळ-चांडाळाचा बाऊ केला नाही, चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायला सांगितली. आणि हे सर्व सांगितले ते मराठीत. गुजराती त्यांच्या आईची भाषा, संस्कृत विद्वानांची. पण समोर बसलेल्या म्हातारीला जी समजते ती आपली भाषा, असे त्यांनी ठरवले असावे. लीळाचरित्रातली त्यांची बोलणी वाचताना हा माणूस बाहेरून आला होता हे ध्यानातही येत नाही.

आता एक प्रश्न मनात येतो. स्वामींनी शिष्यांना स्वदेशाचा, स्वगावाचा आणि नात्यागोत्याचा संबंध सोडायला सांगितला. कुठल्याशा देशाच्या टोकाला, झाडाच्या तळी जन्म घालवावा, अशी त्यांची शिकवण. पण त्याच स्वामींनी शिष्यांनी महाराष्ट्रातच राहावे, असेही बजावले. देश सोडा म्हणायचे आणि या देशात राहा म्हणायचे, हा मेळ कसा बसवायचा?

विचार केला तर मेळ बसतो. स्वामींनी सोडायला सांगितला तो देशाचा अभिमान. हे माझे गाव, हा माझा वाडा, इथे मला मान आहे, ही गाठ सोडायची. आणि धरायला सांगितली ती साधनेला अनुकूल भूमी. जो गाठ सोडत नाही तो नव्या गावी जाऊनही जुन्याच गावात राहतो. अंग इथे आणि जीव तिथे. जो नवी भूमी धरत नाही तो नुसता भटका होतो. स्वामींनी दोन्ही केले. म्हणून ते गुजरातचे राहिले नाहीत, आणि उपरेही राहिले नाहीत.

अर्थात सर्वांनी त्यांना आपले म्हटले असे नाही. रूढी मोडणाऱ्याला स्वदेशीही विरोध होतो, मग परदेशातून आलेल्याला का होणार नाही? हेमाद्रीच्या काळातल्या कर्मठ मंडळींनी त्यांना फार त्रास दिला, पैठणच्या सभेत त्यांच्यावर दोष ठेवला, असे परंपरा सांगते. इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले. पंथीय लोक याला उत्तरापंथे गमन म्हणतात.

मागे राहिलेल्या शिष्यांची काय दशा झाली असेल! पण गुरूने शिकवलेले त्यांच्या कामी आले. नागदेवाचार्य आणि इतर मंडळी गोदातीर सोडून वऱ्हाडात ऋद्धिपुरास गेली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेला लागली. तिथेच म्हाइंभटांनी गावोगाव पायी हिंडून, ज्याने ज्याने स्वामींना पाहिले त्याला विचारून आठवणी गोळा केल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानला जातो, आणि त्याचा नायक जन्माने मराठी नाही! पुढे केशोबासांनी संस्कृतात प्रश्न केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीतच विचारायला सांगितले. संस्कृतामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, ही त्यांची काळजी. त्याच ऋद्धिपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

वाचकहो, देशांतर कोणाला चुकले आहे? आपले नामदेवराय पंढरपूर सोडून पंजाबात घुमानला राहिले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना आपले म्हटले. १९७२ साली तिबेटातून परागंदा झालेली कुटुंबे जुन्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावजवळ वसली. तो भाग १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. हिमालयापलीकडची माणसे धानाच्या देशात रुजली. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत नाना प्रांतांचे लोक पोटासाठी आले, आणि इकडची मुले पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात. सासरी जाणारी प्रत्येक लेक तर देशांतरच करते.

अशा सर्वांना स्वामींच्या चरित्रातून काय घेता येईल? नव्या गावी गेल्यावर आधी मागणारे व्हावे, सांगणारे नंतर व्हावे. तिथली भाषा शिकावी, आणि तीही सर्वांत साध्या माणसापासून शिकावी. पानात पडेल ते नावे न ठेवता खावे. आणि जे त्या गावचेच आहेत त्यांनी एवढे करावे, की दारी आलेल्या परक्याला हाकलण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट पाहावे. भंडाऱ्याच्या नीळभट्टाने तसे पाहिले, म्हणून साडेसातशे वर्षांनंतरही त्याचे नाव आपण घेतो आहोत.