जॉन स्कॉट हॉल्डेन
जॉन स्कॉट हॉल्डेन (मे, इ.स. १८६०:एडिनबरा, स्कॉटलंड - मार्च, इ.स. १९३६:ऑक्सफर्ड, इंग्लंड) हे स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाचा जीव कसा घेतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्याच शिफारशीतून रूढ झाली.

जीवन
हॉल्डेन यांनी इ.स. १८८४मध्ये एडिनबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. डंडी येथे त्यांनी दाटीच्या घरांतील हवेचा अभ्यास केला व पुढे ते ऑक्सफर्डला स्थायिक झाले. जे.बी.एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र. हे पुत्र इ.स. १९५७मध्ये भारतात आले आणि इ.स. १९६४मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले.

वडील मुलाला लहानपणीच खाणीत घेऊन जात. एकदा त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपियरच्या नाटकातील भाषण म्हणायला लावले. खाणीतील ज्वलनशील मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साचतो. भाषण म्हणता म्हणता मुलगा खाली कोसळला आणि जमिनीलगतच्या हवेत पुन्हा शुद्धीवर आला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. परंतु कोणता वायू कुठे साचतो, हा धडा त्या मुलाच्या कायम लक्षात राहिला.

कार्बन मोनॉक्साइडवरील संशोधन
जानेवारी, इ.स. १८९६मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ जण मरण पावले. हॉल्डेन यांनी तेथे जाऊन मृतदेह तपासले. बहुसंख्य कामगार स्फोटाच्या धक्क्याने वा ज्वाळांनी मेले नव्हते. त्यांच्या कातडीवर गुलाबी छटा होती व रक्त चेरीसारखे लाल होते. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा बळी घेतला होता.

या वायूला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. हॉल्डेन यांनी तो स्वतः हुंगून आपल्या रक्तातील त्याचे प्रमाण मोजले. एका प्रयोगात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निकामी होईपर्यंत ते थांबले नाहीत. पाय लटपटू लागले तरी धोक्याची जाणीव होत नाही, ही त्यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. उंदीर व लहान पक्ष्यांचा श्वसनवेग जास्त असल्याने ते माणसाच्या आधी लुळे पडतात, हेही त्यांनी दाखवले. इ.स. १९११पासून ब्रिटिश खाणींच्या बचाव केंद्रांत कॅनरी ठेवले जाऊ लागले. पक्षी शुद्धीवर यावा म्हणून काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची नळकांडीही जोडलेली असे.

इतर कार्य
पाणबुड्यांसाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके (इ.स. १९०८), श्वसनाचे नियमन आणि पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंपासून संरक्षण ही त्यांची अन्य कामे. इ.स. १९३४मध्ये त्यांना कोप्ली पदक मिळाले. इराण व इराकमधील तेल कामगारांच्या उष्माघाताचा अभ्यास करून परतल्यावर न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

वारसा
ब्रिटनमध्ये इ.स. १९८६पासून कॅनरीची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली. हॉल्डेन यांचे निष्कर्ष मात्र खाणीपुरते मर्यादित नाहीत. बंद जागेत झोपलेल्या माणसाला आग व धूर यांचा सर्वाधिक धोका असतो. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत ३१ डिसेंबर, इ.स. २०२३च्या पहाटे हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा आत झोपलेले सहा कामगार दगावले.

महाराष्ट्र शासनाने इ.स. २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. वेरूळ-अजिंठ्यासारख्या स्थळांच्या प्रवासात अशा गाडीत स्वयंपाक व झोप एकाच खोलीत होते. डिसेंबर, इ.स. २०२४मध्ये केरळमधील वटकरा येथे कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा गळतीसूचक फरशीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत सर्वत्र मिसळतो. त्याचा सूचक झोपणाऱ्याच्या डोक्याच्या पातळीजवळ बसवतात. एक सूचक दुसऱ्याचे काम करत नाही. धुराचा सूचक व अग्निशामक हीदेखील स्वतंत्र साधने आहेत. वायुसूचकातील संवेदकाचे आयुष्य काही वर्षांचेच असल्याने तो बदलण्याची तारीख सहसा उपकरणावर छापलेली असते.